टिटवीच्या अंड्यांचं प्रदर्शन

एका जंगलात, अगदी कडेला, एक खडकाळ माळ होता. नाकं पुसा आधी, मग ऐका.

त्या माळावर एक टिटवी राहायची. राहायची म्हणजे काय, घर ना दार. गोट्यांमध्ये जरासा खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची. अंडी अशी, की गोटा कुठला आणि अंडं कुठलं, देवालाही कळू नये. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. म्हणून तर तिची पोरं जगत होती.

एकदा तिथं कोकिळाबाई आल्या. गोड गळा, ठिपक्यांचं लुगडं आणि सिंहमहाराजांकडून मिळालेलं अनुदान. बाईंनी जन्मात एक अंडं उबवलं नव्हतं. पण मातृत्वावर बोलायला लागल्या की त्यांचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं.

"अगं टिटवे, किती दुर्लक्षित गं तुझं आयुष्य! आपण तुला उजेडात आणू."

"नको बाई. आहे ते बरं आहे."

"असं कसं? तुझी ओळख काय? तुझ्या आठवणी काय?"

"मागल्या साली सापानं दोन अंडी नेली. एवढीच आठवण."

बाईंचे डोळे भरून आले. "थांब, थांब. हे सगळ्यांसमोर सांग. आत्ता वाया घालवू नकोस."

मग कार्यक्रम ठरला. बाई म्हणाल्या, हा माझा नाही, तुम्हा सर्वांचा कार्यक्रम. म्हणजे राबायचं सगळ्यांनी आणि नाव लागायचं बाईंचं. सशांनी पांढरी माती आणून अंड्यांभोवती रिंगण काढलं. माकडांनी पळसाच्या फुलांचे बाण मांडले, थेट जंगलापासून खळग्यापर्यंत. वर पाटी लावली : 'इथे एक आई राहते.'

"पुसा ते! पुसा म्हणते ना!" टिटवी घसा फोडून ओरडत होती.

"हा राग खरा आहे," बाई माकडांना म्हणाल्या. "उद्यापर्यंत टिकायला हवा."

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल लोटलं. प्रमुख पाहुणे होते मुंगूसराव. फीत कापली आणि अंड्यांकडे बघतच राहिले.

"इतकी वर्षं या माळावरून जातो मी. पण कधी दिसलीच नाहीत हो! लाज वाटते स्वतःची." आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

टिटवीनं ते बघितलं. मग तिनं आईनं शिकवलेलं केलं. एक पंख जमिनीवर लोळवला, मोडल्यासारखा, आणि विव्हळत, लंगडत अंड्यांपासून लांब लांब जायला लागली. अंडी खाणारा यालाच भुलतो आणि तिच्या मागं धावतो.

सगळं जंगल तिच्या मागं धावलं. हरणीनं डोळे पुसले. अस्वल म्हणालं, "काय अंगावर आलं हो! पंख मोडल्याचं किती हुबेहूब!" टाळ्या थांबेनात.

एकटे मुंगूसराव गेले नाहीत. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाले, "मी जरा जवळून बघतो."

टिटवी परतली तेव्हा रिंगणात नुसती टरफलं होती.

कोकिळाबाईंनी ती एकेक करून हळुवार उचलली. "रडू नकोस गं. पुढचं प्रदर्शन यांचंच करू. नाव देऊ, 'रिकामं'."

टिटवी रडली नाही. तिनं विचारलं, "बाई, तुमची अंडी कुठं असतात?"

बाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"हळू बोल, मेले. कावळिणीच्या घरट्यात. तिलासुद्धा सांगितलेलं नाही मी."

तात्पर्य : मुलांनो, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जरूर वेधावं. त्यांना काही मिळो न मिळो, कुणाचं तरी पोट नक्की भरतं.