चावीवाला बाहेर, दुकान पहिल्या नंबरवर

आधीच सांगून ठेवतो, मला उघडता येणार नाही असं कुलूप अजून कुठल्याही कारखान्यातून बाहेर पडलेलं नाही! सर्कशीतल्या सिंहाच्या पिंजऱ्याचं कुलूप मी बायकोच्या हेअरपिननं उघडलंय. उकाडा होता म्हणून सिंह आतून शेपटीनं मला वारा घालत होता. खोटं वाटत असेल तर सिंहाला विचारा.

असा मी! पण गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या चाव्यांच्या दुकानात फक्त माशा यायच्या, आणि त्याही चावी न बनवता जायच्या. शेवटी बायकोनं सकाळच्या चहाबरोबर फर्मान काढलं.

"या महिन्यात गिऱ्हाईक वाढलं नाही, तर दुकान शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्याला द्यायचं. तो विचारतोय कधीचा."

"आणि मी?"

"तुम्ही घरी."

"दिवसभर?"

मी दिवसभर घरात, हे चित्र तिनं त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणलं असावं. कप तसाच हातात राहिला.

"अहो, काहीतरी करा!" ती कळवळून म्हणाली. "काहीही करा!"

रविवारी मुलगी आणि जावई आले. दोघंही कॉम्प्युटरवाले. जेवणाच्या टेबलावर परिषद भरली.

"बाबा, सरळ पेड जाहिरात द्या," मुलगी म्हणाली. "कुणी मोबाईलवर 'जवळचा चावीवाला' शोधलं की सगळ्यात वर तुमचं नाव. आजच्या आज! आणि कुणी जाहिरातीवर बोट लावलं, तरच त्या बोटाचे पैसे आपण भरायचे."

"आणि भरणं थांबलं की नाव गायब!" जावईबापू उसळले. "भाड्याचं घर ते. बाबा, तुम्ही एसईओ करा. आपली वेबसाइट, तिच्यावर आपले लेख, दुकानाचे छान फोटो. मग सर्च तुम्हाला आपणहून वर चढवतो. घर स्वतःचं!"

"कधी चढवतो?" मी विचारलं.

"सहा-आठ महिन्यांत."

"तोवर बाबा घरी बसून लसूण सोलतील," मुलगी म्हणाली.

"दोन्ही करा!" आतून बायको ओरडली. "पण यांना घरी बसवू नका!"

झालं! दुसऱ्याच दिवशी जाहिरात लागली. मी शोधून पाहिलं तर खरंच, सगळ्यात वर मी! लग्नाच्या पत्रिकेत पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचताना झाला नव्हता एवढा आनंद झाला. बोट लावलं. परत शोधलं. परत मी! परत बोट लावलं. मग न्हाव्याकडे गेलो, "दाबा हो, मी आहे त्यात!" शिंप्याकडून दाबून घेतलं. बागेत फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची तर मी रांगच लावली. दुपारी बघतो तर नाव गडप! तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, जाहिरातीवर बोटांचा नुसता पाऊस पडलाय, आणि दुकानात फोन एकही नाही! असं कसं?"

"अगं, ती बोटं ओळखीतलीच आहेत. बरीचशी तर माझीच."

ती ओरडलीच, "बाबा, दिवसाचं बजेट तुम्ही एकट्यानं चाटूनपुसून खाल्लंत!" आईची शपथ घालून तिनं मला जाहिरातीवर बोट लावायची बंदी केली.

रिकाम्या बोटानं मी मग जावईबापूंचा लेख लिहिला. त्यांनी 'कामाचे अनुभव' मागितले होते. मी सिंह लिहिला. बुडालेल्या जहाजातली पेटी लिहिली, जी मी श्वास रोखून उघडली होती आणि मासे टॉर्च धरून उभे होते.

"बाबा, हे... खरं आहे?"

"जावईबापू, तुम्ही अनुभव मागितलात. खरं-खोटं मागितलं नाहीत."

त्यांनी मान खाली घालून लेख चढवला. आणि काय सांगू! लोकांनी तो एकमेकांना धाडला, वाचला, पुन्हा धाडला. महिने लागणार होते तिथे आठवडासुद्धा लागला नाही. चावीवाला शोधला की वर मुलीची जाहिरात, तिच्या पायाशी जावयाचा सिंह! फोन घणघणू लागले. "सिंहवाले काका का? शनिवारी येतो!"

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. सगळं घर दुकानावर हजर. जावईबापू म्हणाले, "बाबा, गर्दी व्हायच्या आत एक फोटो. दार लावून घ्या, काचेवरची अक्षरं दिसू देत."

मी बाहेर आलो, ऐटीत दार ओढलं.

खट्!

लॅच बसला. चाव्या आत. हत्यारं आत. मोबाईल आत. आणि लॅच साधासुधा नव्हे, मी स्वतः निवडून बसवलेला!

तेवढ्यात गिऱ्हाईकं आली. कुणी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, कुणी सायकल साखळीसकट उचलून, एक आजोबा तर चक्क कपाटाचं दार काखेत मारून! फुटपाथ भरला.

"काका स्वतःच बाहेर अडकले!"

"अडकतात कसले! हेअरपिन काढतील बघ आता!"

आता माघार कशी घेणार? मी बायकोपुढे हात केला. तिनं केसांतली पिन काढून दिली. मी डोळे मिटले, कान लॅचला लावला, पिन घातली, फिरवली. टक्! निम्मी पिन माझ्या हातात, निम्मी कुलपात.

"झालं समाधान?" बायकोनं पर्समधून डुप्लिकेट चावी काढली. "ही होती माझ्याकडे. मागायची होतीत!"

"मागितली असती तर सिंहाची काय अब्रू राहिली असती?"

चावी अर्थातच आत जाईना. पेटीवाला वैतागला. "मी दुसरा चावीवाला बघतो!" त्यानं मोबाईलवर शोधलं, पहिल्या नावावर बोट लावून फोन केला. माझ्या दुकानात, काचेपलीकडे, माझा मोबाईल वाजू लागला.

"बघ! जाहिरात चालली!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली.

"थांबा, खालचं दाबा," जावईबापू म्हणाले. आत पुन्हा मोबाईल वाजला. "बघ, माझा एसईओसुद्धा चालला!"

दोघंही हर्षभरित! आणि त्या दोन विजयांच्या मधोमध, बंद दारापुढे, मी.

शेवटी बायकोनं ना काही शोधलं, ना कशावर बोट लावलं. रस्त्यापलीकडे तोंड करून नुसती हाक मारली, "सुतारभाऊ, या हो जरा!"

सुतार आला. लॅचवर घाम गाळला. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "हे कुलूप काही उघडायचं नाही. माणूस म्हातारा होईल, पण हे हलणार नाही!" आणि बिजागऱ्या काढून त्यानं अख्खं दारच उतरवलं. लॅच तेव्हाही बंदच!

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. "काका, असंच कुलूप माझ्या घराला बसवून द्या."

"मलाही!"

"मला दोन!"

पेटी, सायकल, कपाट सगळे विसरले. बिजागऱ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. संध्याकाळपर्यंत दुकानातले सगळे लॅच संपले. कव्हरवाला लांबूनच बघून निघून गेला.

आता श्रेय कुणाचं? मुलगी म्हणे जाहिरातीचं, जावई म्हणे लेखाचं. मी त्या पहिल्या बाईंनाच विचारलं, "तुम्हाला आमचा पत्ता कुठे मिळाला?"

"पत्ता? माझी बस चुकली होती. गर्दी दिसली म्हणून थांबले."

बायकोनं तिथल्या तिथे निकाल दिला.

"यापुढे दर शनिवारी तुम्ही बाहेर अडकायचं."

तर वाचकहो, तेव्हापासून मी अडकतो. चार शनिवार धंदा असा झाला की घरी लसूण सोलायला माझी आठवणसुद्धा निघाली नाही. मंगळवारी मात्र भलतंच झालं. सुतार गावाला गेलेला, वाऱ्यानं दार लागलं आणि मी खरोखरच बाहेर राहिलो, तेही अनवाणी, भर उन्हात! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले, "अहो, खरंच अडकलोय हो, कुणीतरी माझ्या बायकोला फोन लावा!"

एक माणूस थांबेल तर शपथ. सगळे हसत हसत पुढे जात होते, आणि जाता जाता पोरांना सांगत होते, "चल रे, जाहिरात आहे ती."