तीन हात लांब

स्वप्न कधीही खोटं बोलत नाही.

हे त्रिकालाबाधित सत्य थोरल्यानं न्याहारीचे दोन घास आणि तिसरा घास यांच्या मधल्या वेळात लिहिलं होतं. तो एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायचा. मूळचे स्वप्नपंडित संपादकांशी भांडून निघून गेल्यावर ‘स्वप्नाचार्य’ हे टोपणनाव आणि रिकामा रकाना त्याच्या गळ्यात पडला. स्वतः आचार्य रात्री पडले की ओंडक्यासारखे झोपत. स्वप्न कसं असतं, हे त्यांना ऐकूनच ठाऊक.

दुःख एकच होतं. आठ महिने धाकटा भाऊ घरी फिरकला नव्हता.

“अहो, तुम्हीच जा की,” बायको म्हणाली. “चष्म्याची काडी मोडलीच आहे. निमित्त आयतं आहे.”

धाकट्याचं चष्म्यांचं दुकान होतं. थोरला आत शिरला आणि थबकला. फरशीवर खडूची जाड रेघ होती.

“दादा, तिथंच थांब. चष्मा या काठीला अडकव,” धाकट्यानं लांब काठी पुढे केली.

“अरे, मी काय महारोगी आहे?”

धाकट्यानं खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि खड्या आवाजात वाचलं, “‘थोरला भाऊ जिन्यावरून ढकलतो असं स्वप्न पडल्यास त्याच्यापासून तीन हात लांब राहावे. तथापि, भिऊ नये. तथापि, घरीही जाऊ नये.’ आचार्यांचा शब्द आहे!”

थोरल्यानं वाक्य ओळखलं. वाचकांच्या टंकलेल्या पत्रांचा गठ्ठा एका बैठकीत उडवताना हे वाक्य आपणच ठोकून दिलं होतं.

“अरे, थापा असतात त्या!”

“आचार्यांना नावं ठेवतोस? तुला साधं स्वप्न तरी पडतं का?”

आता आचार्यांनीच आचार्यांना खोडणं भाग होतं. पुढच्या अंकात छापून आलं: ‘असे स्वप्न पडल्यास धाकट्याने तातडीने थोरल्याकडे जेवायला जावे.’

धाकटा आला नाही. बाकी गावातले यच्चयावत धाकटे मात्र आपापल्या थोरल्यांकडे जाऊन बसले. संपादकांना तर चार धाकटे भाऊ.

“चौघंही आलेत! सामानासकट!” संपादक कडाडले. “थोरल्यांनी काय करायचं ते छापा, नाहीतर रकाना बंद!”

थोरला लिहायला बसला. ‘थोरल्याने प्रथम आठवावे, की आपण खरोखरच कधी...’ इथे लेखणी अडली. जिना. शाळेत जायची घाई. आठ वर्षांचा धाकटा, हनुवटीला दोन टाके. आणि “तो स्वतःच पडला” असं आईला छातीठोकपणे सांगणारा एक थोर मुलगा. आचार्यांनी लेखणी पुन्हा कागदावर टेकवली आणि वाक्य पुरं केलं, ‘...ढकलले होते का. आणि माफी मागावी. मी मागतो.’

अंक निघाला त्याच सकाळी धाकटा दारात हजर.

“वहिनी, चहा टाका,” म्हणत तो थेट थोरल्याला खेटून बसला. “आठ महिने लावलेस, दादा.”

“म्हणजे? आचार्य कोण ते तुला...”

“दोन ओळींत दोनदा ‘तथापि’ लिहिणारा माणूस जगात दुसरा आहे का? मी ते स्वप्नाचं पत्र टाकलं तेव्हाच ठाऊक होतं.”

थोरल्यानं धाकट्याच्या हनुवटीवरच्या खुणेकडे पाहिलं, काहीतरी हृद्य बोलायला तोंड उघडलं.

“ते राहू दे,” धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. “मी रोज भांडी घासतोय असं स्वप्न पडलंय बायकोला. तिचा आचार्यांवर फार विश्वास. पुढच्या अंकात जरा उलटा अर्थ छाप ना!”