पितळी कप्तानांच्या मुजऱ्याची हकिकत

सन अठराशे त्र्याऐंशी, महिना मार्च, वार गुरुवार. ते साली ट्रामगाड्यांनी घोडे सोडून वाफ धरली आणि आकाशी हवाई गलबते धूर ओकीत फिरू लागली. त्याच गुरुवारी आमच्या गल्लीत जे युद्ध जाहले, ते लिहून ठेवणे प्राप्त आहे, कारण हल्लीच्या पोरींना लग्न म्हणजे सोपे काम वाटते.

घराची हुकमत आत्याबाईंकडे. त्यांची भाची घड्याळे आणि बाष्पयंत्रे दुरुस्त करी, आणि तिचे मन जडले माळ्यावरच्या भुतावर. हे पूर्वी तोफखान्याचे कप्तान. तोफ फुटून गत जाहले, परंतु अदब शाबूत. इकडे हवाई गलबतांच्या मालकांनी भाचीस मागणी घातलेली, जबाब रविवारी द्यावयाचा. तेव्हा भाचीने कप्तानांचे नाव काढिले, आणि आत्याबाई कडाडल्या, "मेलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही गं. पण भिंतीतून येतो! दार नाही, घंटा नाही, ही काय रीत झाली?" मग फर्मान सुटले की, उमेदवाराने गुरुवारी चार वाजता दारातून यावे, रिवाजाप्रमाणे पंधरा मिनिटे बसून चहा घ्यावा, मुजरा करून निघावे, काही चुकले तर गलबतवाल्यांस होकार.

भुताच्या हाती कप ठरेना. सबब भाचीने तीन दिवस-रात्र खपून पितळेचा देह घडविला, पोटी बंब, पाठीस धुराडे, आणि भेट पंधरा मिनिटांची म्हणून पाणीही पंधरा मिनिटांचेच भरिले. मोठा बंब बसविता कोटाची बटणे लागत ना. येथेच घात जाहला.

कप्तान त्या देहात शिरले, आणि घंटा वाजवून आले, आणि चहा घेतला, थेंब सांडला नाही. मग म्हणाले, "हवा छान आहे आज."

"तुम्हाला हो काय कळणार? श्वास तरी घेता का?"

"नाही घेत. पण पहिल्या भेटीत दुसरा विषय सभ्य नाही."

आत्याबाईंस हसू आले, ते लपविण्यास त्यांनी दुसरा कप भरिला, आणि त्यात वेळ टळली. मग कप्तान उठले, मुजऱ्यास कमरेत वाकले, आणि वाफ सरली. देह तसाच वाकलेला राहिला. भाची पाणी घेऊन धावली, तिला आत्याबाईंनी हातानेच थोपविले, आणि लोकर घेऊन विणीत बसल्या. सव्वापाच वाजले. मग पुसत्या जाहल्या, "अहो, या डब्यातून तुम्हाला केव्हाही बाहेर पडता आलं असतं ना?"

पितळेतून आवाज आला, "आलं असतं. पण आपण अजून निरोपाचं 'या' म्हणाला नाहीत."

आत्याबाईंच्या सुया थांबल्या. "आमचे हे जन्मभर माझं वाक्य संपायच्या आत उठून जायचे," त्या म्हणाल्या. "बघत काय उभी राहिलीस गं? पाणी घाल त्यांना."

येणेप्रमाणे पाच वाजून वीस मिनिटांनी मोहीम फत्ते जाहली. गलबतवाल्यांस नकार सांगावयास आत्याबाई जातीने गेल्या, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच गलबतातून उत्तर ध्रुव पाहून आल्या. लोक काहीबाही बोलले, त्यांनी ऐकिले नाही. पितळी देह गंजला, त्यावर आता छत्र्या टांगतात. भाची कप्तानांशी एकेचाळीस वर्षे संसार करून वारली, आणि दुसऱ्या दिवसापासून माळ्यावर दोघांची भांडणे ऐकू येऊ लागली. ती अद्याप चालू आहेत. बहुतेक तीच जिंकते.