फियाटची निगा

खंडेनवमीनंतर तिसऱ्या दिवशी कुमुदिनीबाईंनी फियाट सुरू केली, दिवे लावले आणि ॲक्सिलरेटर जरा दाबला. समोरची भिंत नुकता चुना मारल्यासारखी लख्ख झाली. मग फट् असा आवाज झाला आणि डावा दिवा गेला. एकट्याने काय राहायचे म्हणून की काय, पाठोपाठ उजवाही गेला.

"अहो, बाहेर या जरा!"

श्रीपादराव आले. त्यांनी बॉनेट उघडले. बॅटरीतून आंबूस वास येत होता आणि आतले पाणी डाळीसारखे खदखदत होते.

"रेग्युलेटर गेला," ते म्हणाले.

फरीदाबादच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे मालाची तपासणी केली होती. त्यामुळे निकाल आधी आणि तपासणी मागून, अशी सवय लागली होती. पण बोलले ते अगदीच चूक नव्हते. अल्टरनेटर वीज तयार करतो आणि ती किती सोडायची हे रेग्युलेटर ठरवतो. तो बिघडला की नळ उघडा टाकून घरातले सगळे गावाला गेल्यासारखे होते.

फियाट बहात्तर सालची होती. ती कुमुदिनीबाईंच्या वडिलांनी मिरजेत घेतली आणि मुलीला चालवायला शिकवली. चौऱ्याऐंशी साली बाईंनी ती मिरजेहून फरीदाबादपर्यंत स्वतः आणली. मागच्या सीटवर तान्हा हेरंब आणि शेजारी नकाशा उलटा धरलेले श्रीपादराव. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही. पण गाडी पुसावी तर त्यांनीच.

आता इतकी जुनी गाडी दिल्लीच्या आसपास रस्त्यावर आणायला बंदी होती. एकच वाट उरली होती. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तपासायला मंगळवारी आरटीओचे साहेब घरी येणार होते. गाडी चालली पाहिजे, दिवे लागले पाहिजेत, हॉर्न वाजला पाहिजे. नाहीतर भंगार.

"आई, मी एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय," गुरुग्रामहून हेरंबचा फोन आला. "प्रॉपर सर्टिफिकेट देतात यार ते."

"माझंही वय झालंय. मलाही भंगारात घालतोस का? सर्टिफिकेट मिळेल."

"आई, तसं नाही..."

"मग ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी श्रीपादराव सेक्टरच्या मार्केटमध्ये गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात एक तरुण मोबाइल बघत बसला होता. "अंकल, रेग्युलेटर बगलवाली दुकान में. यहाँ गाड़ी का सामान मिलता है."

"गाड़ी का ही चाहिए."

"गाड़ी में पंखा लगवाया है?"

नव्या गाड्यांत रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असतो. वेगळी पत्र्याची डबी त्या तरुणाने जन्मात पाहिली नव्हती. शेवटी हेरंबने ऑनलाइन एक मागवला. श्रीपादरावांनी तो बसवला, नवे दिवे लावले. कुमुदिनीबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. फट्, फट्.

मग शेजारच्या खुरानांच्या ओळखीच्या मेकॅनिकने दुसरा दिला. त्या वेळी दिवे तर गेलेच, पण हॉर्नही असा काही किंचाळला की गल्लीतली कुत्री एकसाथ उठून उभी राहिली. खुराना गॅलरीत आले.

"भाभीजी, दिवाली अभी दूर है!"

"आमच्याकडे आधीच सुरू होते," बाई मराठीतच म्हणाल्या आणि बॉनेट आपटून बंद केले. मग नवऱ्याकडे वळल्या. "आता आपणच जायचं. कश्मीरी गेटला. जुना बरोबर घ्या."

शनिवारी सकाळी दोघे मेट्रोने निघाले. डबीवरचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून श्रीपादरावांनी ती फडक्यात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली होती. स्टेशनवरच्या तपासणीत तो डबा मशीनमध्ये गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर डब्यात डबी आणि डबीतून निघालेल्या तारा दिसत होत्या.

"माताजी, ये किसका है?" पडद्यासमोर बसलेल्या शिपाई पोरीने विचारले.

श्रीपादराव पुढे सरसावले. "देखिए, उन्नीस सौ बहत्तर की गाड़ी में पहले डायनामो था. बाद में हमने अल्टरनेटर..."

पोरीने दुसऱ्या शिपायाला हाक मारली. दुसऱ्याने तिसऱ्याला. मागे रांग वाढत चालली. श्रीपादराव डायनामोवरून करंटवर आले. कुमुदिनीबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढले.

"पंखे का रेग्युलेटर है, बेटा. गर्मी बहुत है."

"अच्छा, तो पहले बोलना था ना. जाइए."

ऑक्टोबर महिना होता. पण कोणी काही विचारले नाही.

दिल्लीला कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात त्यांनी अकरा दुकाने पालथी घातली. एकाने ट्रकचा दाखवला, एकाने ट्रॅक्टरचा. बाराव्या दुकानदाराने डबी हातात घेतली, वजन अजमावले आणि आदराने परत दिली. "इसके लिए नफीस मियाँ के पास जाइए. सीढ़ियों के नीचे."

जिन्याखाली एका माणसाला बसता येईल एवढीच जागा होती आणि तिच्यात नफीस मियाँ बसले होते. वय सत्तरीचे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांच्या मागे फळीवर जुन्या डब्यांची रांग होती. श्रीपादरावांनी मान वाकवून पाहिले. तिसरी डबी हुबेहूब त्यांच्या डबीसारखी होती.

"वही! वही दीजिए!"

"बैठिए तो सही," मियाँ म्हणाले.

बसायला जागा नव्हती, म्हणून दोघे उभेच राहिले. मियाँनी रेग्युलेटरच्या तारा आपल्या फळीवरच्या एका यंत्राला जोडल्या, एक चिमटा डबीच्या उघड्या कडेला लावला आणि मोटार फिरवली. बल्ब पेटला. मोटार जोरात फिरली तरी बल्ब तसाच, शांत. मीटरचा काटा चौदा व्होल्टवर येऊन थांबला. मियाँ डोळे मिटून डबीतली बारीक थरथर ऐकत राहिले. एखादा गवई तंबोरा जुळवताना ऐकतो, तसे.

"बीबीजी, ये हम सबसे ज्यादा चलेगा. बिल्कुल ठीक है."

"मग दिवे का जातात?" बाई हिंदी विसरल्या.

मियाँना प्रश्न कळला. त्यांनी डबी उलटी केली. तिच्या दोन पायांना, जिथे ती गाडीला स्क्रूने बसते तिथे, नखाने खरवडले. काळ्या रंगाची जाड साल निघाली. तिच्याखाली करडी, तिच्याखाली पुन्हा काळी.

"इसके पाँव किसने रंगे?"

श्रीपादराव फळीवरच्या डब्या मोजू लागले.

"अहो, ते तुम्हाला विचारतायत."

"खंडेनवमीला यंत्राला रंग द्यायचाच असतो," श्रीपादराव म्हणाले. "कारखान्यात दर वर्षी द्यायचो आम्ही. यंदा साहेब येणार म्हणून डबी काढून तीन हात दिले. मागच्या पत्र्यालाही."

मियाँनी समजावले, ते असे. डबीचे पाय गाडीच्या पत्र्याला टेकतात, लोखंडाला लोखंड लागते, तेव्हाच आतल्या कॉइलला वीज किती झाली ते समजते. मध्ये रंग आला की तिला वाटते, काहीच आलेले नाही. ती बिचारी वीज सोडत राहते.

"पण ते दोन नवे रेग्युलेटर?" कुमुदिनीबाईंनी विचारले. "त्यांना तर तुम्ही हात नव्हता लावला."

श्रीपादराव पुन्हा डब्या मोजू लागले.

"लावला होता?"

"अगं, नवे असून कळकट दिसत होते. एकेक हात दिला फक्त."

कुमुदिनीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "एकतीस वर्षं तुम्ही त्या कारखान्यात होतात. तरी तो चालला. मोठी माणसं असणार तिथली."

मियाँ इतके हसले की त्यांना पाणी प्यावे लागले. श्रीपादराव फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तरी वो दे दीजिए. स्पेअर में रहेगा."

"नहीं जनाब. आपका जिंदा है. ये उसके लिए रखा है जिसका सचमुच मर जाएगा."

विकायला बसलेला माणूस विकायला नकार देतो, हे श्रीपादरावांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्यांनी नकळत हात जोडले. मियाँनी डबीचे दोन्ही पाय कानशीने घासून चांदीसारखे करून दिले आणि डबी बाईंच्या हातात ठेवली. श्रीपादरावांच्या नाही.

रविवारी बाईंनी पॉलिश पेपर घेऊन बॉनेटखालचा पत्रा स्वतः घासला. श्रीपादरावांना लांब खुर्चीवर बसवले होते. त्यांनी रंगवलेल्या जागेसाठी दोनदा हळहळ व्यक्त केली, तेव्हा खुर्ची आणखी लांब गेली. मग नवे दिवे लावले, इंजिन सुरू झाले, ॲक्सिलरेटर दाबला. दिवे शांत राहिले.

मंगळवारी साहेब आले. तरुण होते, पण गाडी त्यांनी मनापासून पाहिली. हॉर्न वाजवला, दिवे पाहिले. "चलाके दिखाएगा कौन?" असे श्रीपादरावांना विचारले. श्रीपादरावांनी ऐटीत बायकोकडे बोट केले. बाईंनी साहेबांना शेजारी बसवून सेक्टरला दोन फेऱ्या मारल्या आणि अरुंद गल्लीत गाडी एका दमात उलटी आणून फाटकाशी लावली. साहेब उतरले ते टाळ्या वाजवतच.

"मैडम, पास. ऐसी गाड़ी और ऐसी ड्राइविंग, दोनों पहली बार देखी." त्यांनी कागदावर सही केली. मग जरा ओशाळून म्हणाले, "बस एक बात है. विंटेज नंबर पर रोज नहीं चला सकते."

"सब्जी लाने?"

"जी नहीं."

"बेटे के घर, गुरुग्राम?"

"जी नहीं. रैली, प्रदर्शनी, पेट्रोल भरवाना और मरम्मत. बस."

साहेब गेले. हेरंब तपासणीसाठी मुद्दाम सुट्टी घेऊन आला होता, तो गाडीपाशी आला. भंगारातून वाचलेली गाडी आता फाटकात पुतळ्यासारखी उभी राहणार होती. आई स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून होती.

"आई, चलो, निदान गाडी राहिली ना."

कुमुदिनीबाईंनी काच खाली केली आणि नवऱ्याला जवळ बोलावले. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट बऱ्याच वर्षांत नव्हते तेवढे लाघव होते.

"अहो, मरम्मतीला न्यायची परवानगी आहे ना?"

"आहे की."

"मग असं करा. दर आठवड्याला तुम्ही हिची नीट निगा राखत जा. बाकीचं आपोआप होईल."