नमुना केबिन, जुईनगर

"येत्या उन्हाळ्यात अख्खी नवी मुंबई जंगलात विसावा घेणार! आणि तो विसावा मी बांधणार!"

नंदकुमारांनी सोसायटीच्या गच्चीवर गर्जना केली. टाळ्या पडल्या. खुद्द नंदकुमारांनी ते जंगल उरणच्या एस्टीतून पाहिलं होतं, तेही अर्धंच. वाटेत जासई गाव आलं की त्यांना झोप लागायची.

योजना मात्र चोख! जंगलात लाकडी केबिनी बांधायच्या. कोणीही यावं, डबा खावा, लोळावं. वनखात्याची परवानगी मिळाली होती, पण रविवारपर्यंत खर्चाची सोय झाली नाही तर ती रद्द होणार होती. लोकांनी वर्गणी म्हणून शुभेच्छा दिल्या. राहिले एपीएमसी मार्केटातले कांद्याचे व्यापारी धर्मराजशेठ.

"आधी एक केबिन उभी करून दाखवा," शेठ म्हणाले. "गर्दी दिसली तर सगळा खर्च माझा. रिकाम्या दुकानात मी पैसा घालत नाही."

म्हणून रविवारी सकाळी जुईनगर स्टेशनाबाहेर हिरवीगार नमुना केबिन उभी राहिली. नंदकुमार आत असे बसले, जणू वाघाने भेटीची वेळ दिली आहे.

वाघ आला नाही. मार्केटातला हमाल ज्योतिबा आला.

"सायेब, झुणका कवा मिळायचा?"

त्या वर्षी सरकारची रुपयात झुणका-भाकर योजना निघाली होती आणि नाक्यानाक्यावर अगदी अशाच टपऱ्या उगवत होत्या.

"इथे झुणका नाही," नंदकुमार म्हणाले. "इथे निसर्ग आहे!"

"मग निसर्ग झाल्यावर द्या की. आमी थांबतो."

तो थांबला. त्याला बघून आणखी चौघं थांबले. बघता बघता रांग रिक्षास्टँडपर्यंत गेली, आणि नंदकुमारांच्या डोक्यात वीज चमकली. शेठना गर्दीच तर हवी होती! नंदकुमार समोरच्या आपल्या बिल्डिंगखाली धावले आणि बायकोला हाक मारली.

"मीना! बेसन आहे का गं?"

"जंगलाला बेसन लागतं?" मीनाताई खिडकीतून ओरडल्या.

"सगळं लागतं! भाकऱ्या थाप!"

शेठ आले तेव्हा मीनाताई केबिनीत पदर खोचून उभ्या होत्या आणि ज्योतिबा तिसऱ्यांदा रांगेत होता. शेठनी रांग पाहिली, झुणका चाखला, बोटं चाटली.

"नंदकुमार, मानलं तुम्हाला! दहा केबिनी दिल्या!"

नंदकुमारांना झाडाझाडावर स्वतःच्या नावाची पाटी दिसू लागली. "शेठ, पहिली कुठल्या डोंगरावर?"

"डोंगरावर? तिथे काय माकडांना वाढायचं? पहिली मार्केटच्या गेटावर! झुणका वहिनींचा."

"भाकरीला दोन बायका लागतील, शेठ," मीनाताई म्हणाल्या.

"चार घ्या!"

व्यवहार ठरलासुद्धा. नंदकुमार मध्ये उभे होते, म्हणून त्यांना जरा बाजूला व्हायला सांगण्यात आलं. ते झाले. मग घसा साफ करून हळूच म्हणाले,

"शेठ, निदान एका केबिनीपुढे एखादं झाड लावाल का? कुंडीतलं चालेल."