मौजे बदनापुरी काउंटकीचा किताब पावल्याची हकीकत

मुलूख जातात, तख्ते फिरतात, परंतु किताब सूर्यचंद्र असेतोवर टिकतो, ऐसे जाणावे. बदनापुरी मात्र तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीपावेतो टिकला.

शके १८९५, प्रमादी नाम संवत्सरी, अण्णासाहेब देशमुख यांजवर थोर प्रसंग गुदरला. वतन सरकारजमा होऊन वर्षे लोटली, आणि लग्नकार्यी पहिला टिळा सोसायटीच्या चेअरमनास लागू लागला, आणि उद्या सकाळच्या गाडीने नातीस पाहावयास परभणीकर पाहुणे यावयाचे. तेव्हा चेअरमनाच्या बापजाद्यांनी ऐकिला नसेल ऐसा किताब दारी झळकावा, हा मनसुबा केला. मग वसंता पेंटर डबा-कुंचल्यानिशी तैनात जाहला, आणि हायस्कुलाचे धर्मराज गुरुजी जाडा कोश घेऊन मसलतीस आले. शेजारचे कचरूबापू, जे अण्णासाहेबांस चाळीस वर्षे काठी घेऊन स्टेशनापावेतो सोबत करीत, तेही ओट्यावर तंबाखू मळीत बसले.

गुरुजींनी अर्ज गुजारला की, फिरंगी मुलखी काउंट नामे मोठा किताब. त्यास फ्रान्सीस कोंत म्हणती, इटलीकर कोंते, आणि स्पेन-पोर्तुगालवाले कोंदे. परंतु साऱ्यांचा मूळपुरुष एक, लॅटिनातला कोमेस, आणि त्याचा अर्थ, बादशहासंगे चालणारा सोबती.

अण्णासाहेब क्रोधे लाल जाहले. "म्हंजी ह्यो कचरू रोज माझ्यासंगं टेसनावर येऊन राह्यलाय, त्यो काउंट?"

"बिलकुल," गुरुजी वदले.

"मंग पाटी माझ्या दाराला लाव रे वसंता," कचरूबापू बोलिले, आणि काठी कोपऱ्यात ठेवून फर्मान सोडिले की, काउंटाने काठी धरणे रिवाजात बसत न्हाई.

मग तीन चहांपावेतो घनघोर वाद माजला, आणि डब्यातल्या रंगावर साय धरली, आणि ऐन निकराच्या वेळी अण्णासाहेबांस मोठी मसलत सुचली. काउंट ज्यासंगे चालतो तो बादशहा! चेअरमनासंगे तर कुत्रेही चालत न्हाई! मग उदार अंतःकरणे पाटी कचरूबापूंस बहाल केली, आणि वसंताने 'काउंट कचरू' ऐसी ठळक अक्षरे काढिली. ऐसी अण्णासाहेबांची फत्ते जाहली, चेअरमनाचा बिनलढाई मोड जाहला, ते येथे नमूद केले.

दुसरे दिवशी गाडीची वेळ जाहली. बादशहा एकलेच पाहुण्यांस सामोरे निघाले, गल्लीच्या तोंडापावेतो गेले, तेथोन माघारी फिरले, आणि काउंटाच्या ओल्या पाटीखाली उभे राहोन हळूच बोलिले, "कचरू, काठी घे न् चल बाबा संगं. लई कुत्री हायेत."