आप्पा लांगरींची गुळाची टर्की

आप्पा लांगरींच्या अंगणात खाऊ मिळायचा, पण त्याआधी एका माणसाचं नाव सांगावं लागायचं. वर्षभरात ज्यानं तुमच्यासाठी काही केलं आणि ज्याला तुम्ही त्याबद्दल चकार शब्द बोलला नाहीत, अशा कुणाचं तरी. तोवर आप्पा हातातली परात पुढे करत नसत. देवाचं नाव चालत नसे.

"त्येच्यामागं लय लोक हाईत," आप्पा म्हणायचे. "माणसाचं सांगा."

मी कोरेगावजवळच्या त्या गावी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा लढाई संपून वर्ष झालं होतं. माझं वय एकवीस. आपल्याला शिकवता येतं असा माझा समज होता आणि स्वयंपाक येत नाही याची खात्री होती. राहायला खोली मिळाली ती आप्पांच्या शेजारची. हे मी आजवर केलेलं एकमेव शहाणपण, आणि तेही पाटलांनी केलेलं.

लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. आप्पा इटलीत दोन हिवाळे काढून परत आले होते. बोटभर मिशा, खाकी अर्धी विजार, वर घोंगडी, आणि कमरेला पितळी डाव खोचलेला. विहिरीवर जातानाही डाव कमरेला असायचा. एकदा मी कारण विचारलं.

"शिपाई बंदूक घरी ठिवतो व्हय?" ते म्हणाले.

पहिल्याच कार्तिकात एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि सावधान उभे राहून म्हणाले, "मास्तर, गुरुवारी शाळा सुटली की समदी पोरं माज्या अंगणात फालिन." फालिन म्हणजे पलटणीच्या भाषेत रांगेनं हजर.

"काय आहे गुरुवारी?"

"सण हाय."

कोणता, ते त्यांनी बसून सांगितलं. इटलीत त्यांच्या शेजारी अमेरिकन पलटणीचा तळ होता. तिकडच्या लोकांचा या दिवसांत एक सण असतो. मूर्ती नाही, उपास नाही, सोवळं नाही. शेतातलं घरात आलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, कुणाचे तरी आभार मानायचे आणि जेवायचं. जेवणाला टर्की नावाचा पक्षी.

"कसा असतो?"

"कोंबडा म्हणावं तर लय मोठा, मोर म्हणावं तर त्वांड गिधाडाचं. पर चवीला ब्येस."

हा सणही गुरुवारीच असतो, याचं आप्पांना फार कौतुक होतं. दत्ताचा वार एवढ्या लांब पोचलाय म्हणायचे.

आता आमच्याकडे टर्की कुठली? आणि पोरांना पक्षी कापून घालायला पारूआक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, तयार नव्हत्या. साखर रेशनवर. पण गूळ घरचा, शेंगा घरच्या आणि गोठ्याच्या छपरावर लाल भोपळे पसरलेले. आप्पांनी टर्की गुळाची केली.

"लय सोपं हाय, मास्तर." हे त्यांचं पालुपद. परातीत उकळता पाक ओतताना, चुलीत हात घालताना, एकदा तर विंचू चावला तेव्हाही ते हेच म्हणाले होते. "गूळ वितळिवला, दाण्याचं कूट घातलं, हाताला त्याल लावून मुठीत दाबलं की झालं प्वाट. वर बारकी गोळी, ते डोस्कं. खोबऱ्याची चोच. दोन तीळ, डोळं. आन् मागं भोपळ्याच्या भाजल्याल्या बिया पंख्यावानी खोचल्या की झाली टर्की. प्वारगंबी करंल."

पोरं खरोखरच करत. वीस-बावीस पोरं अंगणात मांडी घालून बसलेली, हात कोपरापर्यंत तेलकट, आणि परातीत टर्क्यांची पलटण उभी राहतेय. पारूआक्का एकीकडे भोपळ्याचे घारगे तळायच्या. मीही एक टर्की केली. तिला पोरांनी ताबडतोब 'मास्तरांचा बेडूक' असं नाव ठेवलं.

मी चिडून म्हणालो, पाकच बिघडलाय, मी करतो. आप्पांनी डाव माझ्या हातात दिला, हा त्यांचा मोठेपणा. मी तो पाक इतका मन लावून आटवला की त्याची जी टर्की झाली ती फरशीवर आपटली तर फरशीचा टवका उडाला. ती वाट्याला आली पांड्या नावाच्या पोराच्या. त्यानं चावा घेतला आणि आठवडाभर हलत असलेला त्याचा दात टर्कीत राहिला. पुढच्या वर्षी नाव सांगायची पाळी आली तेव्हा पांड्या उभा राहून म्हणाला, "मास्तरांचं. त्यांनी माजा दात काढला." माझ्या शिक्षकी कारकिर्दीतले हे पहिले जाहीर आभार.

बाकीची पोरंही मजेदार नावं सांगायची. एकानं थोरल्या भावाचं सांगितलं, का, तर त्यानं मंगळवारी मारलं नाही. एका पोरीनं विचारलं, "आप्पा, म्हस चालंल का?" आप्पांनी बराच विचार केला. "म्हस चालंल," ते म्हणाले. "गाय नगं. तिच्यात द्येव हाईत."

सगळ्यांची नावं झाली की पोरं ओरडायची, "आप्पा, तुमचं?" आप्पा परात उचलायचे. "लांगरी शेवटाला जेवतो. त्येचं नावबी शेवटाला." आणि शेवट काही यायचा नाही. ते चूल विझवायला लागायचे. मी त्यांना त्या दिवशी काही खाताना कधी पाहिलं नाही.

दरवर्षी एक टर्की ते स्वतः करत. पोरांच्यासारखं पाच नाही, नऊ बियांचं शेपूट, डोळ्यांना लवंगा. ती पारूआक्का पदराखाली झाकून गावाच्या वरच्या आळीला न्यायच्या आणि तशीच परत आणायच्या.  आप्पा ती कोनाड्यात ठेवायचे.

ती हौसाची टर्की. हौसा माझ्याच वर्गात, आठ वर्षांची, या सणाला कधी न येणारी एकटी. तिचा बाप सर्जेराव आप्पांबरोबरच पलटणीत गेला आणि तिकडेच राहिला. पारूआक्कांनी मला एकदा सांगितलं ते एवढंच. त्या दिवशी ओढ्यावरून पाणी आणायची पाळी आप्पांची होती. आप्पांच्या अंगात ताप होता, म्हणून सर्जेराव गेला. ओढ्यावर तोफेचा गोळा पडला. गावी आल्यावर आप्पा त्याची ट्रंक घेऊन त्याच्या बापाच्या, राऊनानांच्या दारात गेले. नानांनी ट्रंक घेतली आणि दार लावलं.

"एकदा त्येंच्याम्होरं बसून बोलायचंय यांना," आक्का म्हणाल्या. "दुसरं काय मागणं न्हाई."

चौथ्या वर्षी मी ठरवलं की हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. आक्कांच्या हातून मी टर्की घेतली. "मास्तर, नीट न्या हं," आप्पा पहिल्यांदाच म्हणाले, आणि मी गेलो.

वरची आळी बरीच वर. त्यात शाळेमुळे दुपारचं जेवण हुकलेलं. मनात नानांना काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चाललेली. भाषण 'मान्यवर' या शब्दापासून सुरू करावं की नको, या विचारात मी शेपटीची एक बी काढून सोलली. भाजलेली बी सोलून खाण्याला एक लय असते. दुसरी 'त्याग' या शब्दापाशी गेली, तिसरी 'क्षमा'पाशी. भाषण चांगलं जमत होतं. नानांच्या दारात पोचलो तेव्हा ते पाठ झालं होतं आणि टर्कीला शेपूट नव्हतं.

नाना ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी भाषण विसरलो. हात पुढे केला.

"ह्ये काय?"

"टर्की."

नानांनी ती उलटसुलट केली. मागे नऊ भोकं होती.

"शेपूट?"

"मी खाल्लं," मी म्हणालो. "वाटेत."

 दाराआडून कुणीतरी फिसकन हसलं. हौसा बाहेर आली, नानांच्या हातातून टर्की घेतली आणि शाळेत मी तिची पाटी तपासतो तशी तपासली.

"मास्तर, तुमी समदं शेपूट खाल्लं?"

"हो."

"आमच्या सुपात बिया हाईत. मी लावते." तिनं बी खोचून पाहिली. ती गळून पडली. "गूळ वाळलाय. पाक पायजे. नाना, आप्पांच्यात पाक आसंल."

 हौसानं ओच्यात मूठभर बिया घेतल्या आणि चालायला लागली. नानांनी दोरी खाली ठेवली. नातीला एकटं सोडायचं नाही म्हणून असेल, पण ते उठले. उतारावर पडलेल्या माझ्या सालांवरून आम्ही तिघं खाली आलो.

अंगणात गलका होता. नाना आत येताना दिसले आणि तो थांबला. आप्पांनी डाव कमरेला खोचला, पुन्हा काढला. हौसा सरळ चुलीपाशी बसली, बिया पाकात बुडवून एकेक खोचायला लागली. नऊ झाल्यावर तिनं टर्की तळव्यावर धरली.

"खाऊ का?" तिनं विचारलं. मग तिलाच आठवलं. "नाव सांगायचं आस्तंय न्हवं? आप्पा, आदी तुमी सांगा."

मला वाटलं, आता चूल विझवतील.

"सर्जेराव," आप्पा म्हणाले.

ते नानांकडे बघत नव्हते. हातातल्या डावाकडे बघत बोलत होते. "सकाळी त्यो म्हणाला, जातो रं. मी कूस बदलली. काय बोललो न्हाई. आठ दिसांनी त्या गोऱ्यांनी मला सणाला बशिवलं आन् इचारलं, तू कुणाचं आभार मानतोस. मला बोलाया आलं न्हाई, नाना."

 नाना जवळच्या पाटावर बसले.

"पाणी आलं हुतं का?" त्यांनी विचारलं.

"आलं हुतं. एक बादली त्येनं आदीच वर आणून ठिवल्याली. त्याच पाण्यात त्या दिशी पलटणीचं जेवाण शिजलं. दोनशे माणूस जेवलं."

"आन् तू?"

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

नानांनी हौसाच्या हातातल्या टर्कीचा अर्धा तुकडा मोडला आणि आप्पांपुढे धरला. "बस खाली," ते म्हणाले. "जेव आता."

आप्पा बसले. डाव हातातच होता. आप्पा पोरासारखे, गालात घास धरून, हळूहळू खात होते. हौसानं उरलेला अर्धा तोंडात टाकला आणि तिचं नाव सांगायचं राहूनच गेलं. तो विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर आप्पा फाटकाशी उभे होते. काही बोलणार असं वाटलं. त्यांनी माझा सदरा ओढला आणि खिशात भाजलेल्या बिया ओतल्या, खिसा फुगेपर्यंत.

"वाटंत खायाला," ते म्हणाले, आणि डाव सावरत विहिरीकडे गेले.